सुजलेला हात : कर्करोगाच्या उपचारानंतरची एक उपेक्षित व्याधि

पूर्व विदर्भांत सुजलेला पाय ही नवलाची गोष्ट नाहीं. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत डासांच्या द्वारें पसरणारा हत्तीरोग पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेंत या रोगाच्या रक्तपरीक्षेवर दीर्घकाळ संशोधन झालें. आणि तीन औषधें एकत्र देऊन त्याचें निर्मूलन करण्याचा नवा उपक्रम देशांतील ज्या अगदीं पहिल्या जिल्ह्यांत हातीं घेण्यांत आला, त्यांत 2019 सालीं नागपूर जिल्ह्याचा समावेश होता. अशा प्रदेशांत कोणाचाहि अवयव सुजला कीं शेजारीपाजारी निदान करून मोकळे होतात.

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या स्त्रीचा हात वर्षा-दोन वर्षांनीं सुजूं लागला म्हणजे घरांत दोनच तर्क निघतात. पहिला असा कीं, हा हत्तीरोग असावा. दुसरा कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. तो असा कीं, मूळ रोग उलटला असावा. पहिल्या तर्कानें रात्रीं रक्त तपासण्यांत आणि गोळ्या घेण्यांत कांहीं महिने जातात. दुसऱ्या तर्कानें ती स्त्री पदराखालीं हात झांकून गप्प बसते. बहुतेक वेळां दोन्ही तर्क चुकीचे असतात, आणि ज्या महिन्यांत थोडक्या उपायानें काम भागलें असतें, नेमके तेच महिने हातचे जातात.

या सुजेस वैद्यकांत लिंफीडीमा म्हणतात. मराठींत तिला लसिकेची सूज म्हटलें तरी चालेल. अमेरिकेंतील प्रसिद्ध शल्यवैद्य विल्यम हॉलस्टेड यानें 1882 सालापासून स्तन, त्याखालचे स्नायु आणि काखेंतील ग्रंथि हें सर्व एकत्र काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पुढें 1921 सालीं याच हॉलस्टेडनें त्या शस्त्रक्रियेमागून येणाऱ्या हाताच्या सुजेवर निबंध लिहिला, आणि तिला त्यानें जें लॅटिन नांव दिलें त्याचा अर्थ ‘शस्त्रजन्य हत्तीरोग’ असा होतो. म्हणजे शेजाऱ्यांचा तर्क अगदींच अडाणीपणाचा नव्हे. दोन्ही व्याधींत बिघडतें तें यंत्र एकच. एकींत तें कृमीनें बिघडतें, दुसरींत रुग्णाचा जीव वांचवितांना बिघडतें. म्हणून एकीच्या गोळ्या दुसरीस लागू पडत नाहींत.

भारतीय वैद्यकांत सुश्रुतानें निदानस्थानांत श्लीपदाचें वर्णन करितांना, जुनें पाणी जेथें सांचून राहतें अशा देशांत तें विशेष आढळतें, आणि पायांप्रमाणें तें हातांसहि होतें, असें नमूद केलें आहे. त्याच ठिकाणीं, एक वर्षाहून जुनें झालेलें श्लीपद वैद्यानें वर्ज्य समजावें असेंहि सांगितलें आहे. आजचें वैद्यक इतकें निराश नाहीं. परंतु त्या वर्षाच्या मर्यादेंत जें निरीक्षण दडलें आहे तें अगदीं खरें आहे, व त्याचें कारण या यंत्राच्या रचनेंत सांपडतें.

हृदय रक्त रेटतें तेव्हां सूक्ष्म केशवाहिन्यांच्या भिंतींतून पाण्याचा कांहीं अंश, व त्याबरोबर थोडें प्रथिन, आसपासच्या मांसांत पाझरतें. हा पाझर परत रक्तांत नेऊन पोंचविण्याचें काम लसिकावाहिन्यांचें. 1622 सालीं आसेल्ली नांवाच्या इटालियन वैद्यानें कुत्र्याच्या पोटांत दुधाळ रंगाच्या या वाहिन्या पाहिल्या, तोंपर्यंत युरोपांत त्यांची कोणी फारशी दखल घेतली नव्हती. रक्तासाठीं हृदय आहे, तसा या प्रवाहासाठीं एखादा मध्यवर्ती पंप नाहीं. वाहिन्यांच्या भिंती स्वतःच थोड्या आकुंचन पावतात, आंत एकाच दिशेनें उघडणाऱ्या झडपा असतात, आणि बाकीचें काम हलते स्नायु व खोल श्वास यांच्यावर सोंपविलेलें असतें. हाताकडून येणारा बहुतेक प्रवाह काखेंतील ग्रंथींच्या चाळणींतून गाळला जाऊन गळ्याच्या मुळाशीं रक्तांत मिळतो. कर्करोगाच्या पेशी प्रवासास निघतात त्याहि बहुधा याच वाटेनें. म्हणून शल्यवैद्यास त्या ग्रंथि काढाव्या लागतात, आणि किरणोपचारानें उरल्यासुरल्या वाहिन्याहि आंखडतात.

2023 सालच्या 23 सप्टेंबरास अंबाझरीचा तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें, तें ज्यांनीं पाहिलें त्यांना पुढचें समजावून सांगावयास नको. पाऊस फार झाला हें खरें, पण पाणी घरांत शिरतें तें निचऱ्याची वाट पुरी न पडल्यामुळें. हातांत मात्र एक जास्तीची अडचण असते. पुराचें पाणी ओसरतें. सांचलेल्या लसिकेंतील प्रथिन तेथेंच राहतें व पाण्यास धरून ठेवतें. हळूहळू त्या जागीं तंतु व चरबी वाढते, त्वचा जाड होते, आणि आरंभीं बोटानें दाबल्यास खळगा पडणारी व रात्रीं हात उशीवर ठेवल्यास सकाळीं उतरणारी मऊ सूज पुढें न उतरणारी, घट्ट व दाट होऊन बसते. असा गाळ बसल्यावर केवळ पाणी उपसून भागत नाहीं. सुश्रुताच्या त्या वर्षाचा अर्थ हा.

काखेंतील ग्रंथि काढलेल्या प्रत्येकीस सूज येते असें नाहीं. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून 2013 सालीं जो हिशेब मांडण्यांत आला, त्याप्रमाणें काख पूर्ण साफ केलेल्या स्त्रियांपैकीं सुमारें पांचांत एकीस ती येते. निळा रंग अथवा किरणोत्सर्गी द्रव्य टोंचून, प्रवाहाच्या वाटेवरील पहिलीच ग्रंथि शोधून तपासावयाची, आणि ती निर्दोष असल्यास बाकीच्यांना हात लावावयाचा नाहीं, अशी जी पद्धति 1990 नंतरच्या दशकांत रूढ झाली, तिच्यांत हें प्रमाण शंभरांत पांच-सहावर येतें. हा लाभ मात्र लवकर आलेल्या रुग्णांचा. भारतांत पुष्कळ स्त्रिया रोग पुढें गेल्यावरच रुग्णालयाची पायरी चढतात, आणि मग काख साफ करण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. काखेवर घेतलेले किरणोपचार, शरीराची स्थूलता आणि हातास होणारा जंतुसंसर्ग यांनीं धोका आणखी वाढतो. सूज बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसते. परंतु पुष्कळ वर्षांनींहि ती प्रथमच प्रकट होऊं शकते, म्हणून ‘आतां पांच वर्षें झालीं, सुटलों’ असें म्हणून हाताकडे पाहावयाचें सोडणें बरें नव्हे.

पहिली खूण कोणत्याहि यंत्राआधीं घरांतच सांपडते. अंगठी निघेनाशी होते. पोलक्याची एकच बाही दंडाशीं आवळूं लागते, आणि शिंप्यास उगीच दोष दिला जातो. इतवारींत बांगड्या भरावयास गेलें असतां नेहमींच्या मापाची बांगडी एका हातांत सरकते व दुसऱ्यांत अडते. कित्येकदां दिसण्यासारखें कांहींच नसतें. फक्त हात जड वाटतो, भरल्यासारखा वाटतो, संध्याकाळीं तांठतो. या जडपणाची तक्रार घरांत कोणी मनावर घेत नाहीं, कारण कामानें थकलेल्या बाईचा हात जड व्हावयाचाच अशी समजूत असते. वास्तविक हीच वेळ उपचार सुरू करण्याची.

या बाबतींत शिंप्याच्या फितीइतकें स्वस्त व उपयोगी साधन दुसरें नाहीं. तळहात, मनगट, कोपराच्या खालीं दहा सेंटिमीटर आणि वर दहा सेंटिमीटर, अशा ठराविक जागीं दोन्ही हातांचा घेर महिन्यांतून एकदां, दिवसाच्या त्याच वेळीं मोजून एका वहींत लिहून ठेवावा. उजव्या हातानें काम करणाऱ्यांचा उजवा हात मुळांतच किंचित्‌ मोठा असतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीं घेतलेलें माप सर्वांत मोलाचें. नागपुरांतील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय असो, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था असो, कीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय असो, भरती होणाऱ्या स्त्रीच्या घरच्यांनीं तिच्या दोन्ही हातांचें माप आधींच वहींत उतरून न्यावें. ज्या दिवशीं सारें घर गांठीच्या अहवालाची वाट पाहत असतें, त्या दिवशीं हाताचा घेर मोजणें क्षुल्लक वाटेल हें खरें. दोन वर्षांनीं तोच आंकडा डॉक्टरास सर्वांत आधीं हवा असतो. पूर्वींच्या मापाहून एखाद्या जागीं दोन सेंटिमीटरांचा फरक पडला तर वाट पाहूं नये.

डॉक्टराचें पहिलें काम, सूज दुसऱ्या कारणानें तर नाहीं ना, हें पाहणें. एकाएकीं आलेली, दुखणारी, निळसर झांक असलेली सूज शिरेंत रक्त गोठल्यानें येऊं शकते. आणि क्वचित्‌ काखेंत रोग पुन्हां उद्भवल्यानेंहि हात सुजतो. कर्करोगावरील कांहीं औषधांनीं सर्वांगांतच पाणी धरतें, तें निराळें. ही शंका फिटली म्हणजे उपचारास लागावें.

उपचाराचें आजचें स्वरूप युरोपांत ठरलें. एमिल फोडर व त्यांच्या पत्नी या डॅनिश दांपत्यानें 1930 नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें त्वचेवर अगदीं हलक्या हातानें, प्रवाहाच्या दिशेनें केलेल्या मर्दनाची पद्धति बसविली. जर्मनींत फेल्डी या वैद्यानें पुढें तिला पट्ट्या, व्यायाम व त्वचेची निगा यांची जोड दिली. प्रथम कांहीं आठवडे रोज थरावर थर देऊन कमी ताणाच्या पट्ट्या बांधतात व हात उतरवितात. मग उतरलेल्या हाताच्या मापानें घट्ट विणीची बाही देतात, ती सकाळपासून रात्रीपर्यंत घालावयाची असते. सुजलेल्या हाताचें माप घेऊन आणलेली बाही सुजलेला हात तसाच सांभाळते, हें विकत घेण्याची घाई करणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. मनगटाशीं रुतणारी, कोपरांत गोळा होणारी बाही न घालणें बरें. हलकें मर्दन व दाब यांपैकीं एकच परवडत असेल तर दाब निवडावा. मर्दनानें होणारा लाभ त्या मानानें थोडा आहे.

केरळांत कासरगोड येथील त्वचाविज्ञान संस्थेनें हत्तीरोगाच्या गरीब रुग्णांसाठीं साबणानें धुणें, आयुर्वेदीय औषधी पाण्यांत अवयव बुडविणें, योगासनें, श्वसन आणि पट्ट्या यांची सांगड घालून बरेंच काम केलें आहे. त्यांतील मर्म असें कीं, उपचाराचा मोठा भाग रुग्णानें व त्याच्या घरच्यांनीं स्वतः शिकून रोज करावयाचा आहे. पट्टी एका हातानें बांधतां येत नाहीं. ती बांधावयास नवऱ्यानें, मुलानें वा सुनेनें फिजिओथेरपिस्टजवळ दोन दिवस बसून शिकावें, हें औषधांच्या चिठ्ठीइतकेंच आवश्यक आहे.

आतां व्यायामाविषयीं. वर्षानुवर्षें अशा स्त्रियांना ‘या हातानें कांहींहि उचलूं नका’ असें बजावण्यांत येत असे, आणि घराघरांत हा उपदेश अजून ऐकूं येतो. त्यांतून दोन विपरीत प्रकार घडतात : कोठें सासू-सुना तिला भांडेंहि उचलूं देत नाहींत व तिचा हात निकामी होतो, कोठें उपदेशाचें सोंग तेवढें राहतें आणि पाण्याच्या बादल्या तीच उचलते. अमेरिकेंत सूज आलेल्या 141 स्त्रियांवर एक वर्ष प्रयोग करून 2009 सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आठवड्यांतून दोनदां, देखरेखीखालीं, बाही घालून, अगदीं थोड्या वजनापासून हळूहळू चढत जाणारा व्यायाम करणाऱ्यांची सूज वाढली नाहीं. उलट सूज उसळण्याचें प्रमाण त्यांत शंभरांत 14 तर व्यायाम न करणाऱ्यांत 29 आढळलें. स्नायु हाच या प्रवाहाचा पंप असल्यामुळें यांत आश्चर्य करण्यासारखें कांहीं नाहीं. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडणें-मिटणें व कोपर हलविणें, नळी निघाल्यावर डॉक्टरच्या अनुमतीनें खांदा वर नेणें, पुढें वेणी स्वतः घालणें, कणीक मळणें, हें सर्व करावें. आवरावयाचें तें एकाएकीं पडणारें ओझें.

तीच गोष्ट सुईची. त्या बाजूस सुई टोंचूं देऊं नये, रक्तदाब मोजूं देऊं नये, विमानांत बसूं नये, अशी धास्ती अनेकींना असते. बॉस्टन येथील सहाशेंहून अधिक स्त्रियांच्या 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत या तिन्हींचा सुजेशीं संबंध दिसला नाहीं. संबंध दिसला तो त्वचेच्या जंतुसंसर्गाशीं आणि वाढलेल्या वजनाशीं. दुसरा हात मोकळा असेल तर तोच पुढें करावा, यांत कांहीं बिघडत नाहीं. पण अडचणीच्या वेळीं घेतलेल्या एका सुईसाठीं कोणी वर्षभर झुरूं नये.

भ्यावयाचें तें जंतुसंसर्गास. सांचलेल्या प्रथिनयुक्त पाण्यांत जंतु फोंफावतात, आणि संरक्षक ग्रंथि तर तेथें उरलेल्याच नसतात. शिरकाव होतो तो क्षुल्लक जागीं : घट्ट बांगडी भरतांना कासारानें हात दाबल्यावर फुटलेली कांच, तळणांतील तेलाचा शिंतोडा, संत्र्याच्या झाडाचा कांटा, कापूस वेंचतांना वाळलेल्या बोंडानें ओरखडलेलीं बोटें, खाजवलेला डास. म्हणून त्या हातांत कांचेच्या घट्ट बांगड्या घालूं नयेत, सैल कडें पुरे. आणि याविषयीं हळदीकुंकवांत कोणी टोंकलें तर घरांतील वडील स्त्रियांनींच तिची बाजू घ्यावी. भाजी चिरतांना, बागेंत वा शेतांत हातमोजा घालावा. रोज साबणानें धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून थोडें खोबरेल चोळावें. जखम झालीच तर ती लगेच धुवून जंतुनाशक लावावें. हात एकाएकीं लाल व गरम झाला आणि थंडी वाजून ताप भरला, तर ती वेळ उद्यांपर्यंत थांबण्याची नव्हे. त्याच दिवशीं प्रतिजैविक औषध सुरू व्हावें लागतें, आणि ताप उतरेपर्यंत बाही व मर्दन बंद ठेवून हात उंच ठेवावा लागतो. अशा प्रत्येक तापामागून उरल्या वाहिन्यांपैकीं आणखी कांहीं निकामी होतात. ज्यांना तो वारंवार येतो त्यांना डॉक्टर दीर्घकाळ पेनिसिलीन देतात.

लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांचा या सुजेवर उपयोग नाहीं. त्या पाणी ओढतात, प्रथिन मागें ठेवतात. गरम शेक, रगडून केलेली तेलमालीश, आणि जळवा अथवा फासण्या टाकून ‘घाण रक्त’ काढणें हे उपाय प्रेमानें सुचविले जातात. पहिल्या दोहोंनीं पाझर वाढतो वा नाजुक वाहिन्यांस इजा होते, तिसऱ्यानें जंतूंना दार उघडून मिळतें. जपानी शल्यवैद्यांनीं पुढें आणलेली, मिलिमीटरभरहि जाड नसलेल्या लसिकावाहिन्या शिरेस जोडण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया भारतांतहि कांहीं मोठ्या रुग्णालयांत होते. आरंभींच्या अवस्थेंत तिचा लाभ अधिक. बाही मात्र तिच्यानंतरहि बहुधा सुटत नाहीं.

आणि नागपुरांत बाहीचा खरा शत्रु मे महिना आहे. पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत गेला म्हणजे त्वचेंतील रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझर वाढतो, हात अधिक सुजतो. आणि नेमक्या त्याच वेळीं घट्ट बाही असह्य होते व कपाटांत जाते. जूनमध्यें ती पुन्हां काढावी तों चढत नाहीं. यावर तोडगा असा कीं, दोन बाह्या ठेवाव्या, एक रोज साध्या साबणानें धुवून सावलींत वाळवावी. दुपारीं घालतांना बाहीवर गार पाणी शिंपडावें. कूलरच्या वाऱ्यांत बसावें, आणि कुरडया-पापड गच्चीवर घालण्याचें काम त्या वर्षापुरतें दुसऱ्या कोणीं करावें. अगदींच असह्य झाल्यास भर दुपारचे दोन-तीन तास काढून हात उशांवर उंच ठेवावा, पण संध्याकाळीं पुन्हां चढवावी. बाहीची वीण साधारण सहा महिन्यांत सैल पडते. ती मग केवळ कापड उरते, म्हणून बदलावी.

ही व्याधि हातापुरतीच नाहीं. खर्ऱ्याच्या व्यसनानें तोंडाचा कर्करोग होऊन ज्यांच्या मानेंतील ग्रंथि काढल्या व वर किरणोपचार झाले, त्यांच्या हनुवटीखालीं व गालावर अशीच सूज येते. ती झोंपून उठल्यावर अधिक दिसते, तेव्हां उशाशीं उंचवटा ठेवावा; गिळतांना अडूं लागलें वा आवाज बदलला तर सूज घशाच्या आंतहि असूं शकते, म्हणून तपासून घ्यावें. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगानंतर ओटीपोटांतील वाट बंद होऊन पाय सुजतो. तेथें नियम तेच. शिवाय अनवाणी न चालणें आणि बोटांच्या बेचक्यांतील चिखल्यांवर लगेच औषध लावणें हीं पथ्यें पाळावयाचीं. पायाची सूज दिवस चढेल तशी वाढते, म्हणून घट्ट मोजा सकाळीं अंथरुणांतच, पाय खालीं सोडण्यापूर्वीं चढवावा.